अवयव पाडताना थांबायचं कुठे?

‘३क्ष⁴ − ४८ चे अवयव पाडा’ असं फळ्यावर लिहिलं, की आठवी-नववीच्या कुठल्याही वर्गातून साधारण पाच तऱ्हेची उत्तरं हाती येतात:

३(क्ष⁴ − १६)
(३क्ष² − १२)(क्ष² + ४)
३(क्ष² − ४)(क्ष² + ४)
३(क्ष − २)(क्ष + २)(क्ष² + ४)
३(क्ष − २)(क्ष + २)(क्ष + २)²

यातली पहिली चारही खरी आहेत. कंस गुणत गेलं की मूळची राशी जशीच्या तशी परत येते. तरी पूर्ण गुण एकालाच मिळतात, चौथ्याला. पहिल्या तिघांनी पेन लवकर खाली ठेवलं. पाचव्याला थांबायचं कळलं नाही; न फुटणारा कंस त्यानं मारून मुटकून फोडला. वह्या तपासताना माझं एक मत पक्कं झालं आहे. सूत्रं मुलांना येतात, तोंडपाठ असतात. गाडी अडते ती थांबण्यापाशी, आणि थांबायचं कुठे हे वर्गात कोणी वेगळं शिकवत नाही.

(आजच्या पुस्तकांत ही अक्षरं रोमन असतात. मी जुन्या मराठी पुस्तकांसारखी क्ष, य, अ, ब घेतली आहेत. तुम्ही वहीत हवी ती घ्या. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावं असत, कालक, नीलक वगैरे. लिहिताना नुसतं आद्याक्षर. अक्षर बदलल्यानं गणित बदलत नाही.)

‘पूर्ण अवयव’ म्हणजे काय ते आधी संख्यांवरून पाहू. साठचे मूळ अवयव विचारले तर ६ × १० लिहून कोणी थांबत नाही. सहा फुटतो, दहाही फुटतो. २ × २ × ३ × ५ आलं की थांबायचं, कारण आता कुठलाच फुटत नाही. बहुपदीतही हेच करायचं असतं: आलेला प्रत्येक कंस वेगळा उचलायचा आणि ‘हा अजून फुटतो का?’ असं विचारायचं. संख्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपण नकळत विचारतो, कारण २, ३, ५ च्या कसोट्या लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या असतात. कंसांच्या कसोट्या म्हणजे विस्तार सूत्रं, पण उजवीकडून डावीकडे वाचलेली. अडचण तिथेच आहे. साताचा पाढा म्हणताना ५६ आपोआप येतो. पण ५६ समोर दिसल्यावर सात आणि आठ आठवायला निराळी सवय लागते. पुस्तकात आधी ‘विस्तार सूत्रे’ येतात आणि मग ‘अवयव’; मुलं पहिलं प्रकरण पाठ करतात आणि दुसऱ्यात तेच मागून वाचायचं आहे हे विसरतात.

मागून वाचण्यासाठी एवढी सूत्रं समोर असली की काम भागतं:

अ² − ब² = (अ − ब)(अ + ब)
अ² + २अब + ब² = (अ + ब)²
अ² − २अब + ब² = (अ − ब)²
अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)
अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²)
अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³ = (अ + ब)³
अ³ − ३अ²ब + ३अब² − ब³ = (अ − ब)³

यातले अ आणि ब हे रिकामे डबे आहेत. त्यांत ५क्ष बसेल, क्ष² बसेल, (क्ष + ३) हा अख्खा कंसही बसेल. अ म्हणजे एकच अक्षर असं धरून चालणाऱ्याला सूत्र पाठ असूनही ओळखू येत नाही.

आधी कॉमन काढा

हे वाक्य प्रत्येक शिक्षक सांगतो आणि निम्मी मुलं ऐकत नाहीत, कारण त्यामागचं कारण त्यांना कळलेलं नसतं. कारणं दोन आहेत. ४क्ष² − ३६ घ्या. दोन्ही पदं पूर्ण वर्ग दिसतात, म्हणून हात शिवशिवतो आणि (२क्ष − ६)(२क्ष + ६) लिहून मोकळं होता येतं. सूत्र बरोबर, उत्तर अपूर्ण. दोन्ही कंसांत एकेक २ अडकून बसला आहे. आधी ४ कंसाबाहेर काढला असता तर ४(क्ष² − ९) आणि मग ४(क्ष − ३)(क्ष + ३), भानगडच नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सामाईक अवयव सूत्राला झाकून ठेवतो. २क्ष² − १८ मध्ये २क्ष² हा पूर्ण वर्ग नाही, १८ ही नाही. ‘सूत्र लागत नाही’ म्हणून मुलगा उदाहरण सोडून देतो. २ बाहेर आला की आत क्ष² − ९ उघडा पडतो. तसंच ३क्ष² + १८क्ष + २७. तीन बाहेर काढा, आत क्ष² + ६क्ष + ९, म्हणजे ३(क्ष + ३)². आणि −क्ष² + १०क्ष − २५ पाहून घाबरलात तर फक्त वजा चिन्ह बाहेर काढा. आत (क्ष − ५)² आहे, उत्तर −(क्ष − ५)².

नुसती संख्याच नव्हे, अक्षरही सामाईक असतं. ५अ³ − ४५अ मध्ये ५अ सामाईक आहे. समीकरण सोडवताना हे अक्षर फार छळतं. क्ष³ = ९क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष² = ९ लिहिणारे पुष्कळ. त्यात ० हे उत्तर हरवतं. सगळं एका बाजूला आणून क्ष(क्ष − ३)(क्ष + ३) = ० लिहिलं की ०, ३, −३ तिन्ही हाती राहतात.

दोन पदं

कॉमन काढून झालं की पदं मोजायची. दोन उरली असतील तर वर्गांची वजाबाकी, घनांची बेरीज किंवा घनांची वजाबाकी यांपैकी काही आहे का ते पाहायचं.

वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र घरी कागदावर दाखवण्यासारखं आहे. चौरस कागद घ्या, बाजू अ. एका कोपऱ्यातून बाजू ब असलेला लहान चौरस कापून टाका. उरलेला तुकडा काटकोनात वाकलेला दिसेल. तो कापून दोन आयत करा: एक अ लांब, दुसरा ब लांब, दोघांचीही रुंदी अ − ब. एकापुढे एक ठेवले की एकच लांब आयत होतो, लांबी अ + ब आणि रुंदी अ − ब. आईवडिलांपैकी कोणाला गणिताची भीती वाटत असेल, त्यांनीही हा पाच मिनिटांचा खेळ मुलांबरोबर करावा. मग (अ − ब)² आणि अ² − ब² यांची गल्लत पुन्हा सहसा होत नाही.

हेच सूत्र तोंडी हिशेबालाही उपयोगी पडतं. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी वर्ग काढायची एक रीत दिली आहे: संख्येत एखादी सोयीची संख्या मिळवा, तीच वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा आणि सोयीच्या संख्येचा वर्ग त्यात मिळवा. ९७ चा वर्ग हवा असेल तर ३ घ्या; १०० × ९४ = ९४००, अधिक ९, म्हणजे ९४०९. आपलंच सूत्र आहे, फक्त ब² पलीकडच्या बाजूला नेलेला. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं मोठ्या संख्यांचे अवयव शोधायला याच सूत्राचा आधार घेतला. ८०५१ मूळ संख्या आहे का? तीन, सात, अकरा असे भाजक लावत बसण्याऐवजी तिच्या जवळचा मोठा वर्ग पाहा. ९० चा वर्ग ८१००, त्यातून ८०५१ गेले की ४९ उरतात, म्हणजे ७ चा वर्ग. तेव्हा ८०५१ = ९०² − ७² = ८३ × ९७.

आता तो पाचवा विद्यार्थी. त्यानं क्ष² + ४ चे (क्ष + २)² केले. वास्तव संख्यांत क्ष² + ४ फुटत नाही, आणि ते का हे एका वाक्यात सांगता येतं: क्ष च्या जागी कुठलीही संख्या ठेवा, क्ष² शून्याहून लहान होणार नाही, म्हणून क्ष² + ४ ची किंमत चाराखाली कधीच येत नाही. (क्ष − क) असा अवयव असता तर क्ष = क ठेवल्यावर किंमत शून्य व्हायला हवी होती. बसायला जागाच नाही. म्हणून क्ष² + ४ दिसला की थांबायचं.

पण ‘वर्गांची बेरीज कधीच फुटत नाही’ असं घोकू नका, ते खोटं आहे. ४क्ष² + ३६ मधून ४ बाहेर येतो. क्ष⁶ + य⁶ ही क्ष³ आणि य³ यांच्या वर्गांची बेरीज आहे खरी, पण क्ष² आणि य² यांच्या घनांचीही बेरीज आहे, म्हणून ती फुटते: (क्ष² + य²)(क्ष⁴ − क्ष²य² + य⁴). आणि क्ष⁴ + ४ तर याहून मजेशीर आहे. त्याकडे पुढे येऊ.

घनांच्या सूत्रात चिन्हं चुकतात. लक्षात ठेवायची रीत अशी: पहिल्या कंसात प्रश्नातलंच चिन्ह, दुसऱ्या कंसात मधलं चिन्ह त्याच्या उलट आणि शेवटचं नेहमी अधिक. त्याहून मोठी चूक म्हणजे मधल्या पदात २ घालणं. अब च्या जागी २अब लिहिलं की सगळं कोसळतं. शंका आली तर १ आणि २ घालून पाहा: १³ + २³ = ९, आणि (१ + २)(१ − २ + ४) = ३ × ३ = ९, जमलं. कोणी अ³ + ब³ म्हणजे (अ + ब)³ असं लिहिलं असेल तर त्याचे २७ होतात. पेपर चालू असताना वीस सेकंदांत ही खात्री करता येते.

८क्ष³ − २७ चे अवयव (२क्ष − ३)(४क्ष² + ६क्ष + ९). इथे दुसऱ्या कंसाकडे पाहून पुन्हा मोह होतो: दोन्ही टोकांना २क्ष आणि ३ चे वर्ग, मग हा (२क्ष + ३)² च असणार! मधलं पद १२क्ष हवं होतं, आहे ६क्ष. तो पूर्ण वर्ग नाही आणि वास्तव संख्यांत फुटतही नाही. सूत्रातले अ आणि ब साधे, म्हणजे पहिल्या घाताचे असतील तर घनांच्या सूत्रातून आलेला दुसरा कंस कधीच फुटत नाही. तिथे निर्धास्त थांबा. ते स्वतःच वर्ग असतील, तर मात्र सावध.

तीन पदं आणि चार पदं

तीन पदांत टोकाची दोन पूर्ण वर्ग आहेत का ते पाहून लगेच मधल्याची दुप्पट तपासायची. ९क्ष² − ३०क्ष + २५: टोकांना ३क्ष आणि ५, दुप्पट गुणाकार ३०क्ष, म्हणून (३क्ष − ५)². पण ४क्ष² + २०क्ष + ९ मध्ये टोकांना २क्ष आणि ३ असूनही दुप्पट १२क्ष येते. पूर्ण वर्ग नाही. म्हणून सोडून द्यायचं का? नाही, मधलं पद फोडा: १८क्ष + २क्ष. उत्तर (२क्ष + ९)(२क्ष + १). सूत्र लागलं नाही म्हणजे अवयव पडत नाहीत असं नसतं.

चार पदं आली की जोड्या लावायची सवय असते, दोन आणि दोन. बहुतेक वेळा ती चालते. पण क्ष² + ६क्ष + ९ − य² घ्या. जोड्या लावून क्ष(क्ष + ६) + (३ − य)(३ + य) होतं आणि गाडी रुतते. इथे तीन आणि एक अशी वाटणी हवी: (क्ष + ३)² − य², आता अ च्या डब्यात क्ष + ३ आहे. उत्तर (क्ष + ३ − य)(क्ष + ३ + य). एक पूर्ण वर्ग एकटा पडलेला दिसला आणि उरलेल्या तिघांत मैत्री दिसली की ही वाटणी आठवावी. चिन्हाची खरी परीक्षा क्ष² − य² + १०य − २५ मध्ये आहे. शेवटच्या तिघांतून वजा बाहेर काढला की क्ष² − (य² − १०य + २५) म्हणजे क्ष² − (य − ५)². आतला कंस उघडताना चिन्हं बदलायला विसरू नका: (क्ष − य + ५)(क्ष + य − ५).

आता एक उदाहरण सावकाश करू, कारण त्यात जवळजवळ सगळं येतं.

क्ष⁵ − ९क्ष³ + ८क्ष² − ७२

चौघांत मिळून सामाईक काही नाही. दोन-दोनच्या जोड्या: पहिल्या दोघांतून क्ष³ बाहेर, दुसऱ्या दोघांतून ८ बाहेर.

क्ष³(क्ष² − ९) + ८(क्ष² − ९) = (क्ष² − ९)(क्ष³ + ८)

वर्गात पुष्कळ जण इथे थांबतात, कारण बेरजेचं चिन्ह गेलं, दोन कंस शेजारी आले, आणि डोळ्यांना काम संपल्यासारखं वाटतं. आता पहिला कंस उचला. क्ष² − ९ फुटतो, (क्ष − ३)(क्ष + ३). दुसरा उचला. क्ष³ + ८ ही घनांची बेरीज, (क्ष + २)(क्ष² − २क्ष + ४). आता चार कंस आहेत. तीन पहिल्या घाताचे, त्यांना विचारायचं कारण नाही. चौथा घनाच्या सूत्रातून आलेला, आणि तिथे अ आणि ब साधे होते. संपलं:

(क्ष − ३)(क्ष + ३)(क्ष + २)(क्ष² − २क्ष + ४)

एकाच राशीकडे दोन वाटांनी जाता येतं तेव्हा कोणती धरावी? क्ष⁶ − य⁶ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ती वर्गांची वजाबाकी आहे आणि घनांचीही. वर्गांची धरली तर (क्ष³ − य³)(क्ष³ + य³), आणि पुढे दोन्ही कंस घनांच्या सूत्रानं फुटून चार कंस:

(क्ष − य)(क्ष² + क्षय + य²)(क्ष + य)(क्ष² − क्षय + य²)

घनांची धरली तर (क्ष² − य²)(क्ष⁴ + क्ष²य² + य⁴), पुढे (क्ष − य)(क्ष + य)(क्ष⁴ + क्ष²य² + य⁴), आणि इथे मुलं थांबतात. दोन मुलांची उत्तरं वेगळी, दोघं हट्टाला पेटलेले. क्ष = २, य = १ ठेवून पाहू. मूळ राशी ६३. पहिल्याचे कंस १, ७, ३, ३. दुसऱ्याचे १, ३, २१. एकवीस फुटतो, सात आणि तीन! म्हणजे क्ष⁴ + क्ष²य² + य⁴ मध्येच उरलेले दोन कंस दडून बसले आहेत. त्यांना बाहेर काढायला क्ष²य² एकदा मिळवून एकदा वजा करायचा:

क्ष⁴ + २क्ष²य² + य⁴ − क्ष²य² = (क्ष² + य²)² − (क्षय)²

आणि ही पुन्हा वर्गांची वजाबाकी. म्हणून माझा सल्ला: सम घात असेल तर आधी वर्गांची वाट धरा, ती दोन्हीकडे समतोल फुटते, आणि दडलेलं काही राहिलंय अशी शंका कमी उरते.

मिळवून वजा करण्याची ही युक्ती थोडी जास्त वेळ देण्यासारखी आहे. क्ष⁴ + ४ घ्या. वर्गांची बेरीज, कुठल्याही क्ष ला शून्य न होणारी. क्ष² + ४ ला लावलेला न्याय लावून ‘फुटत नाही’ म्हणावंसं वाटतं. पण तो न्याय फक्त एवढंच सांगतो की पहिल्या घाताचा अवयव नाही. दुसऱ्या घाताचे दोन अवयव असू शकतात. ४क्ष² मिळवा, ४क्ष² वजा करा:

क्ष⁴ + ४क्ष² + ४ − ४क्ष² = (क्ष² + २)² − (२क्ष)² = (क्ष² − २क्ष + २)(क्ष² + २क्ष + २)

अधिक व्यापक रूपातल्या, म्हणजे अ⁴ + ४ब⁴ च्या, या अवयवांना सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञेचं (१७७६–१८३१) नाव आहे. बायकांना शिकायला मज्जाव होता म्हणून पुरुषाचं नाव घेऊन गाउससारख्यांशी पत्रव्यवहार करणारी ही बाई. तिच्या या सूत्रामुळे १०००४ चे अवयव एकदम कळतात: १०⁴ + ४, म्हणजे ८२ × १२२.

युक्ती वापरताना काय मिळवायचं हे मात्र पारखून घ्यावं लागतं. क्ष⁴ − ७क्ष² + १ मध्ये (क्ष² − १)² धरलं तर ५क्ष² वजा उरतात, आणि पाच हा पूर्ण वर्ग नाही. (क्ष² + १)² धरलं तर ९क्ष² वजा उरतात, हा पूर्ण वर्ग; मग (क्ष² − ३क्ष + १)(क्ष² + ३क्ष + १). एक वाट बंद दिसली तर चिन्ह बदलून दुसरी पाहायची.

कुठल्या संख्यांत?

‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ आपण कुठल्या संख्या वापरायच्या यावर ठरतो, आणि प्रश्नपत्रिकेत तो बहुतेकदा लिहिलेला नसतो. क्ष² − ५ फुटतो का? सहगुणक परिमेय हवे असतील तर नाही. वर्गमूळ चालत असेल तर (क्ष − √५)(क्ष + √५). शाळेत वेगळं काही सांगितलं नसेल तर परिमेय सहगुणकांवर थांबायचा प्रघात आहे. ‘वास्तव संख्यांत’ असे शब्द दिसले तरच √५ पर्यंत जा. अकरावीला काल्पनिक संख्या आल्यावर क्ष² + ४ ही फुटेल, पण तेव्हाचं तेव्हा.

वास्तव संख्यांत थांबण्याची जागा चुकली ती थेट लायब्निझची. कलनशास्त्र घडवणाऱ्या दोघांपैकी एक. त्यानं १७०२ मध्ये मत मांडलं की क्ष⁴ + अ⁴ चे वास्तव सहगुणकांचे दोन वर्ग-अवयव पडत नाहीत. १७१९ मध्ये निकोलाउस बर्नुली यानं ते पाडून दाखवले. हत्यार तुम्ही आत्ताच पाहिलेलं: २अ²क्ष² मिळवा आणि वजा करा, की (क्ष² + अ²)² वजा (√२अक्ष)² होतं. पुढच्या तासात चूक झाली म्हणून कोणी मुलगा हिरमुसला, तर त्याला ही हकिकत जरूर सांगा.

कंसाला ‘फुटतो का’ विचारताना उत्तर कसं मिळवायचं, हेही ठरवून ठेवलेलं बरं. पहिल्या घाताचा कंस: संपला. दुसऱ्या घाताचा, सामाईक काढलेला: मधल्या सहगुणकाच्या वर्गातून टोकाच्या दोन सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट वजा करा, दहावीत ज्याला विवेचक म्हणतात तो. ऋण आला तर वास्तव संख्यांत फुटत नाही. पूर्ण वर्ग आला तर परिमेय संख्यांत फुटतो. धन पण पूर्ण वर्ग नसेल तर वर्गमूळ घेऊनच फुटतो. म्हणून क्ष² + ३क्ष + १, विवेचक ५, शाळेपुरता तिथेच ठेवायचा. तिसऱ्या घाताचा कंस फुटत असेल तर त्यातून पहिल्या घाताचा अवयव निघतोच. पहिला सहगुणक १ असेल तर स्थिर पदाचे विभाजक, अधिक आणि वजा दोन्ही, क्ष च्या जागी ठेवून पाहा. एकही शून्य देत नसेल तर परिमेय संख्यांत तो फुटत नाही. चौथ्या घाताला ही परीक्षा पुरत नाही, हे क्ष⁴ + ४ नं दाखवलंच.

उत्तर लिहून झाल्यावर क्ष = १० ठेवून पाहायची सवय लावा. दशमान पद्धतीत दहाचे घात लिहायला सोपे, म्हणून हिशेब तोंडी होतो. सुरुवातीच्या उदाहरणात ३ × १०००० − ४८ = २९९५२; उत्तरात ३ × ८ × १२ × १०४, तेही २९९५२. पाचव्याचं उत्तर ३ × ८ × १२ × १४४ म्हणजे ४१४७२, पकडलं गेलं. मात्र ही तपासणी चूक पकडते, अपुरेपणा पकडत नाही. ३(क्ष² − ४)(क्ष² + ४) यालाही ती २९९५२ च म्हणेल. त्यासाठी कंस एकेक उचलूनच पाहावा लागतो.

एक सूत्र राहिलं, ते उतावळ्यांसाठी:

अ³ + ब³ + क³ − ३अबक = (अ + ब + क)(अ² + ब² + क² − अब − बक − कअ)

त्याचा उपयोग अवयवांपेक्षा त्याच्या एका परिणामात जास्त आहे: तिघांची बेरीज शून्य असेल तर घनांची बेरीज ३अबक. म्हणून (अ − ब)³ + (ब − क)³ + (क − अ)³ समोर आलं तर कंस उघडत बसू नका. आतल्या तिघांची बेरीज शून्य आहे. उत्तर ३(अ − ब)(ब − क)(क − अ), एका ओळीत. हे ठाऊक नसलेल्यानं पानभर विस्तार केलेला मी पाहिला आहे, आणि शेवटी एक चिन्ह चुकलेलं.

सरावाला थोडी उदाहरणं देतो. सोपं आधी, अवघड मागून:

१६क्ष⁴ − ८१य⁴
२अ⁴ + १६अ
क्ष² − ४क्षय + ४य² − ९
क्ष⁸ − १
क्ष⁴ + ६४

पहिल्यात तीन कंस यायला हवेत. दुसऱ्यात बाहेर २अ आणि दोन कंस. चौथ्यात परिमेय संख्यांत चार कंस येतात. वास्तव संख्यांत किती, ते लायब्निझचं उदाहरण पुन्हा वाचून ठरवा. पाचव्यात काय मिळवून वजा करायचं ते सांगत नाही. क्ष = १० ठेवलं की मूळ राशी १००६४ होते; तुमच्या दोन कंसांची उत्तरं ६८ आणि १४८ आली तर जमलं.